तोट्यातलं युनिट सावरणारा माणूस घरातच कसा घडवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी, तीन युनिट. दोन बरी चालली आहेत, तिसरं दोन वर्षं तोट्यात आहे. बाहेरून मोठ्या पगारावर सीईओ आणला, तो वर्ष पुरं व्हायच्या आत निघून गेला. आता मालकांना आपल्याच माणसांतून हे युनिट सावरू शकेल असा कुणी तयार करायचा आहे. कोणाला निवडायचं, काय शिकवायचं, किती वेळ धरायचा?

वेळेचं आधी सांगतो. निवडीपासून स्वतंत्र कारभार सोपवेपर्यंत दीड ते दोन वर्षं धरा. तिसऱ्या युनिटला तेवढी उसंत नसेल, तर माणूस घडवणं आणि युनिट सावरणं बरोबरीनेच चालवावं लागेल. तेही जमतं, पण मग कारभार त्याच्या हाती आणि रोकड तुमच्या नजरेखाली, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून हवी. आणि हा माणूस वर्गात घडत नाही. लोणावळ्याच्या रिसॉर्टमधलं तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर चांगल्या चाललेल्या कंपनीच्या मॅनेजरला ताजंतवानं करत असेल. इथे त्याचा उपयोग शून्य. खऱ्या पैशाचे निर्णय स्वतःच्या सहीने घ्यायला मिळाले आणि चुकलं तर नुकसान किती होईल याला कुंपण असलं, की माणूस तयार होतो. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती रचायचं.

निवडीत पहिली चूक इथे होते: सगळ्यात जास्त विक्री आणणारा किंवा तांत्रिक बाजूत सगळ्यात पक्का माणूस उचलला जातो. विक्रीवाल्याला तोट्यावर एकच औषध माहीत असतं, आणखी ऑर्डर. ज्या पार्टवर नगामागे पैसे जातात त्याची विक्री वाढली की तोटाही त्याच वेगाने वाढतो, आणि वर उधारीत पैसे अडकतात ते वेगळेच. तांत्रिक माणूस सहा आठवड्यांत नव्या मशीनचं कोटेशन घेऊन येतो. दोघेही आपापल्या जागी हवेतच. पण शोधायचं असेल तर प्रॉडक्शन प्लॅनिंग, मटेरियल्स, कॉस्टिंग आणि ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारं क्वालिटी, या चार टेबलांकडे आधी बघा. या लोकांना एका खात्याचा निर्णय दुसऱ्या खात्यात कुठे फुटतो, हे रोज दिसत असतं. पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यानची दोन किंवा तीन माणसं निवडा. एकच निवडलात तर तो पहिल्या दिवशी ‘युवराज’ ठरतो आणि उरलेली कंपनी त्याच्या पडण्याची वाट बघत बसते.

परीक्षा मुलाखतीत घेऊ नका. प्रत्येकाला तोट्यातल्या युनिटचा एक ग्राहक किंवा एक लाइन द्या, पंधरा दिवस द्या आणि दोन पानांत तीन उत्तरं मागा: पैसे नेमके कुठे जातात, त्यातला किती भाग तीन महिन्यांत थांबवता येईल, आणि त्यासाठी कोण दुखावलं जाईल. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात माणूस कळतो. ‘सगळ्यांना विश्वासात घेऊन’ असं लिहिणारा बाजूला ठेवा. ‘पर्चेस मॅनेजरच्या आवडीचा कास्टिंग सप्लायर बदलावा लागेल आणि मालकांच्या मेहुण्यांचं ट्रान्सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट पुन्हा टेंडरला काढावं लागेल’ असं लिहिणारा पुढे न्या. आणखी एक गोष्ट तपासा: त्या पंधरा दिवसांत तो तिसऱ्या शिफ्टला एकदा तरी शॉपफ्लोअरवर गेला का. रात्री दोन वाजता कोणती मशीन बंद असते आणि का, याची नोंद एमआयएस (व्यवस्थापनासाठीच्या आकडेवारीच्या) अहवालात सापडत नाही.

आता शिकवण्याचा भाग. यातला निम्मा वेळ रोकडीवर गेला पाहिजे, कारण आपल्याकडच्या मॅनेजरांना नफा-तोटा पत्रक वाचता येतं, पण रोकड वाचता येत नाही. युनिट कागदोपत्री तोट्यात असून वर्षानुवर्षं तग धरतं. पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसले की मात्र आठवड्यात कोसळतं. म्हणून उमेदवाराने स्वतःच्या हाताने तेरा आठवड्यांचं रोकड-पत्रक बनवायचं. अकाउंट्सकडून मागवलेलं चालणार नाही. तेरा रकाने, पंचवीस-तीस ओळी. वर आरंभीची शिल्लक. मग जमा, ती ‘या महिन्याची अपेक्षित विक्री’ अशा ठोकताळ्याने नाही, बिलागणिक. कोणत्या ग्राहकाचं कोणतं बिल, ग्राहकाच्या गेटवर माल उतरून जीआरएन (माल मिळाल्याची पावती) झाला का, पोर्टलवर बिल चढलं का, आणि त्या ग्राहकाची पेमेंटची फेरी कोणत्या तारखेची. बऱ्याच मोठ्या ग्राहकांचं पेमेंट ठरलेल्या तारखांनाच निघतं. बिल एक दिवस उशिरा चढलं की पैसे थेट पुढच्या फेरीला. खाली खर्च: पगार, ७ तारखेचा टीडीएस, १५ तारखेचे पीएफ आणि ईएसआयसी, २० तारखेचा जीएसटी, महावितरणचं बिल, बँकेचा हप्ता आणि व्याज, आणि सप्लायर एकेक करून नावानिशी.

दर सोमवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी-शेजारी लिहायचं. सुरुवातीला तीस-चाळीस टक्क्यांचा फरक येतो, त्यावरून रागवू नका. आठ-दहा आठवड्यांत पुढच्या आठवड्याची जमा दहा टक्क्यांच्या आत आणि चार आठवड्यांची वीस टक्क्यांच्या आत यायला हवी. अंदाज कायम एकाच दिशेने चुकत असेल, म्हणजे दर वेळी सांगितल्यापेक्षा कमीच पैसे येत असतील, तर तो हिशेबाचा दोष नाही. माणूस वाईट बातमी पुढे ढकलतो आहे. यावर मी फार भर देतो, कारण पुढे बँकेसमोर हाच माणूस तुमच्या वतीने तारखा देणार आहे.

याच पत्रकाला जोडून ड्रॉइंग पॉवरचं, म्हणजे स्टॉक आणि उधारीच्या तारणावर बँक प्रत्यक्षात किती पैसे काढू देते याचं, गणित शिकवा. समजा युनिटचं कॅश क्रेडिट (बँकेतून खेळत्या भांडवलासाठी उचलायची मर्यादा) ३ कोटींचं आहे. स्टॉक २.१० कोटी, त्यातल्या ०.९० कोटींच्या मालाचे पैसे सप्लायरला द्यायचे आहेत, उरला १.२० कोटी. २५ टक्के मार्जिन (ज्या हिश्श्यावर बँक पैसे देत नाही तो) वजा जाता ०.९० कोटी. ग्राहकांकडची उधारी ३ कोटी, त्यातली ९० दिवसांवरची ०.६० कोटी बँक धरत नाही, उरली २.४०, मार्जिन जाता १.८०. एकूण ड्रॉइंग पॉवर २.७० कोटी. मर्यादा तीनची असली तरी वापरता येतात पावणेतीनच्याही आतले. (मार्जिन आणि उधारीचे दिवस तुमच्या मंजुरीपत्रात बघा, बँकेगणिक बदलतात.) आता उमेदवाराला विचारा: या आठवड्यात वसुलीच्या माणसाला एकाच ठिकाणी पाठवता येणार आहे. एकीकडे पाच महिने अडकलेले २० लाख, दुसरीकडे चाळीस दिवसांचे २० लाख. कुठे पाठवशील? ताजे पैसे सहज मिळतात म्हणून बहुतेक जण तिकडे धावतात. पण ताज्या बिलाचे २० लाख आले की ड्रॉइंग पॉवर १५ लाखांनी घटते, हाती खरे उरतात ५. जुन्या बिलाचे २० लाख आले तर पूर्ण २० हाताशी येतात, कारण बँकेने ते आधीच वगळलेले असतात. हे उत्तर ज्याला न सांगता सापडतं त्याच्यावर पुढचे कष्ट घ्यायला हरकत नाही.

इथेच एक ताकीद. स्टॉक स्टेटमेंट फुगवून ड्रॉइंग पॉवर ओढून घेण्याची सवय बऱ्याच अडचणीतल्या युनिटना लागलेली असते. नवीन माणसाच्या सहीने पहिलं स्टेटमेंट जाईल ते खरं गेलं पाहिजे, मग मर्यादा दोन महिने कितीही अडचणीची होवो. एकदा त्याने खोट्यावर सही केली की तो त्या जुन्या कारभाराचा भागीदार झाला. पुढे काही उघडं करण्याची सोय त्याला राहत नाही.

रोकडीनंतर दुसरा विषय, कोणत्या मालात पैसे मिळतात. कंपनीच्या कॉस्ट-शीटवर विसंबू नका. तिच्यात ओव्हरहेड, म्हणजे कारखान्याचा सामायिक खर्च, टक्केवारीने वाटलेला असतो, त्यामुळे चांगला पार्ट वाईट आणि वाईट पार्ट चांगला दिसतो. उमेदवाराने प्रत्येक पार्टची किमतीतून फक्त बदलते खर्च वजा केलेली शिल्लक काढायची. उदाहरणार्थ एक ब्रॅकेट: विक्री ११८ रुपये, माल ७१, बाहेरचं जॉबवर्क १४, टूलिंग आणि वीज ६, वाहतूक ४. शिल्लक २३. दुसरा एक हाउसिंग, त्यात नगामागे ४१ शिल्लक. साहजिकच सगळे हाउसिंगच्या मागे. पण दोन्ही पार्ट एकाच व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) होतात आणि युनिटमध्ये गर्दी त्याच मशीनवर आहे. ब्रॅकेट तासाला ४० निघतात, म्हणजे तासाला ९२० रुपये. हाउसिंग तासाला १४, म्हणजे ५७४. अडलेल्या मशीनच्या तासाला किती पडले, हा आकडा काढला की ऑर्डरबुकाची उतरंड उलटीपालटी होते. तोट्यातल्या युनिटमध्ये साधारण चार-पाच पार्ट असे सापडतात की त्यांचा भाव वाढला नाही तर ते सोडून दिलेलेच बरे.

भाववाढीच्या बाबतीत नवशिके बिचकतात, म्हणून क्रम ठरवून द्या. आधी जे आपलंच आहे ते मागायचं: स्टीलच्या भावातल्या वाढीची थकलेली किंमत-दुरुस्ती, टूलिंगची वसूल न झालेली रक्कम, ग्राहकाने परस्पर टाकलेल्या आणि कोणी तपासलेल्याच नाहीत अशा डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या). अडचणीतल्या युनिटमध्ये क्वालिटीचा माणूस इतका पळत असतो की रिजेक्शनची डेबिट नोट आली की मुकाट्याने बुक होते. एका वर्षाच्या डेबिट नोट काढून माल खरंच परत आला होता का, एवढंच तपासलं तरी हाती काहीतरी लागतं. ही वसुली झाल्यावरच भाववाढीचा विषय काढायचा, तोही पार्टनिहाय कागद घेऊन आणि ‘नाही’ म्हटल्यास कोणत्या तारखेपासून पुरवठा थांबेल हे सांगायची तयारी ठेवून. मात्र ग्राहकाची लाइन अचानक बंद पाडू नये. त्याला दुसरा सप्लायर उभा करायला वेळ द्यावा लागतो, तीन ते सहा महिने. तेवढी मुदत देणाऱ्याला भाव मिळण्याची शक्यता अधिक असते, असं सर्वसाधारणपणे दिसतं.

एकट्या उमेदवाराला हे सगळं खात्यांच्या भिंती ओलांडून करता येत नाही, म्हणून त्याच्या हाताखाली वेगवेगळ्या खात्यांतली पाच-सहा माणसं अर्धवेळ द्या. या पद्धतीचं नीट नोंदलेलं उदाहरण निस्सान या जपानी मोटार कंपनीचं आहे. १९९९ मध्ये कार्लोस घोन तिथे कारभार सावरायला गेले तेव्हा त्यांनी बाहेरच्या सल्लागारांकडून आराखडा करवून घेतला नाही. आतल्याच मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांचे नऊ गट केले. खरेदी, उत्पादन, संशोधन, वित्त वगैरे, प्रत्येक गटात साधारण दहा माणसं आणि तीन महिन्यांची मुदत. प्रत्येक गटाचं रोजचं काम एका मधल्या फळीतल्या माणसाकडे, आणि त्याला वरून आडकाठी होऊ नये म्हणून डोक्यावर दोन वरिष्ठ अधिकारी. ऑक्टोबर १९९९ मध्ये जाहीर झालेली योजना या गटांच्या शिफारशींतूनच उभी राहिली. नफ्यात येणं, साडेचार टक्के कार्यकारी नफा आणि कर्ज निम्म्यावर, ही तिन्ही उद्दिष्टं मुदतीत किंवा मुदतीच्या आधी गाठली गेली. घोन यांच्यावर पुढे गैरव्यवहाराचे आरोप झाले, पण पद्धत उचलण्यासारखी आहे. तिच्यातली हुशारी ‘दोन वरिष्ठ’ या तरतुदीत आहे. आपल्याकडे गट बनतात, वरचं छत्र विसरलं जातं आणि पहिल्याच महिन्यात खरेदीप्रमुख गटातल्या आपल्या माणसाला ‘तुझं रोजचं काम कोण करणार’ म्हणून परत ओढतो.

घरातलं उदाहरण हवं असेल तर पुण्यातलंच आहे. २०००-०१ मध्ये टेल्को, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेली कंपनी, सुमारे ५०० कोटींच्या तोट्यात गेली होती. दोन वर्षांत ती पुन्हा नफ्यात आली. त्या पडत्या काळात छोट्या मालवाहू गाडीचा प्रकल्प तिशीच्या आसपासच्या गिरीश वाघ यांच्याकडे सोपवला गेला. २००५ मध्ये ‘एस’ बाजारात आली आणि २०१७ मध्ये कंपनीच्या व्यावसायिक वाहन विभागाची सूत्रं त्यांच्याकडेच आली. किंमत आधी ठरवून गाडी त्यात बसवायची, असं ते काम होतं. असा प्रकल्प हाताळलेला माणूस पुढे मोठ्या विभागात खर्चाकडे वेगळ्या नजरेने बघतो. तुमच्या कंपनीत ‘एस’ नसेल, पण ठरलेल्या किमतीत बसवायचा एखादा पार्ट नक्की असेल.

आता अधिकारांचं. बाहेरून आणलेला सीईओ वर्षाच्या आत जातो तेव्हा, माणूस चुकीचा निघाला असं म्हटलं जातं. बऱ्याचदा त्याला नेमणूकपत्र मिळालेलं असतं आणि चेकबुक मिळालेलं नसतं. आतल्या माणसाचं तर त्याहून कठीण, कारण कालपर्यंत तो ज्यांना ‘सर’ म्हणत होता त्यांनाच आज ‘नाही’ म्हणायचं असतं. म्हणून एक पानी अधिकारपत्र करा आणि सर्व खातेप्रमुखांच्या बैठकीत वाचून दाखवा. त्यात असावं: सप्लायरला कोणत्या क्रमाने पैसे द्यायचे हे तो ठरवेल, ठरलेल्या शिल्लकेखालची ऑर्डर तो नाकारू शकेल, युनिटमधल्या बदल्या आणि नव्या भरतीला त्याची सही लागेल, ओव्हरटाइम त्याच्या मंजुरीशिवाय होणार नाही. (ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, आणि रिजेक्शन झालेला माल पुन्हा बनवायला तो जातो तेव्हा तो पैसा दोनदा जातो.) काय नाही हेही लिहा: नवं कर्ज, जमीन किंवा मशीन विकणं, मालकांच्या नात्यातल्या फर्मशी व्यवहार. हे तुमच्याकडे. मोठ्या रकमेच्या पेमेंटवर दोन सह्या ठेवा, पण क्रम त्याचाच.

आणि एक गोष्ट कागदावर येत नाही. जुना स्टोअरकीपर किंवा तीस वर्षांचा फोरमन थेट तुम्हाला फोन करेल: ‘शेठ, हा नवा साहेब जरा जास्तच करतोय.’ तो फोन तुम्ही घेतलात आणि ‘बघतो मी’ म्हणालात, की उमेदवार त्याच संध्याकाळी संपला. ‘त्यांच्याशीच बोला’ हे दोन शब्द मालकाला सगळ्यात जड जातात.

अवघड बोलण्याचा सराव करून घ्या, नाटकासारखा, समोर खरा माणूस बसवून. बँकेसाठी एखादा निवृत्त शाखाधिकारी बसवा. उमेदवाराला हे माहीत हवं की थकबाकी ३० दिवसांपर्यंत असली तर खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे बँकेच्या विशेष नजरेखालचं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि नंतर एनपीए. बँकेकडे पहिल्या तीस दिवसांत गेलेल्या माणसाला ऐकून घेतात. पंच्याऐंशीव्या दिवशी गेलेल्याची फाइल तोवर दुसऱ्या टेबलावर गेलेली असते. जाताना तेरा आठवड्यांचं पत्रक, पार्टनिहाय शिल्लक आणि तीन महिन्यांत काय थांबवणार याची यादी न्यायची. ‘मार्केट सुधारतंय’ हे वाक्य न्यायचं नाही.

सप्लायरशी बोलणं याहून नाजूक. चालणारा प्रस्ताव साधारण असा असतो: जुनी थकबाकी एका तारखेला गोठवायची, आजपासूनच्या मालाचे पैसे पंधरा दिवसांत द्यायचे, आणि जुनी रक्कम दहा-बारा मासिक हप्त्यांत फेडायची. पहिले तीन हप्ते दिवसावर दिवस गेले पाहिजेत. चौथ्यापासून सप्लायर फोन करायचं थांबवतो. हप्ता ठरवताना तेरा आठवड्यांच्या पत्रकात तो बसतो का हे आधी बघायचं. अडचणीतला मॅनेजर एकच पाच लाख तीन जणांना कबूल करतो आणि तिथेच पत जाते. सप्लायर नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर कायद्याने ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. पुढे गेल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं, आणि ती थकलेली मूळ रक्कम प्रत्यक्ष फेडेपर्यंत आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. म्हणून हप्त्यांचा करार करताना कोणता सप्लायर कोणत्या वर्गातला, याची यादी आधी हवी.

कामगारांशी शिफ्ट बदलताना बोलावं, दहा मिनिटं, आणि आकडे सांगावेत. पगार आणि पीएफ यांना हात लावायचा नाही. पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी मामला होतो, आणि त्याआधीच तो युनियनच्या कानावर गेलेला असतो.

दर आठवड्याच्या आढाव्याला पंचेचाळीस मिनिटं पुरतात: रोकड अंदाज आणि प्रत्यक्ष, अडलेल्या मशीनचे चाललेले तास, रिजेक्शन, वेळेवर गेलेला माल. प्रेझेंटेशन नको, फळा किंवा एक कागद. मालकाने सल्ला देऊ नये, प्रश्न विचारावेत. मागच्या आठवड्यात काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला. चौथा प्रश्न महिन्यातून एकदा: हे युनिट बंद करावं असं कधी म्हणशील? हा प्रश्न ऐकून उमेदवार चिडला तर समजून घ्या, पण उत्तर लिहून घ्या. खरं उत्तर साधारण असं असतं: आवाक्यातल्या विक्रीवर सगळ्या पार्टची मिळून शिल्लक युनिटचे स्वतःचे रोख स्थिर खर्च भागवत नसेल, आणि भाव, रिजेक्शन व पार्टची निवड या तिन्ही बाबतीत करण्यासारखं सहा महिन्यांत करून झालं असेल, तर काम दुसऱ्या दोन युनिटमध्ये हलवून हे बंद करावं. बंद करायला न शिकलेला माणूस चांगल्या युनिटचे पैसेही यात ओततो.

क्रम म्हणाल तर पहिले तीन महिने एक लाइन किंवा एक ग्राहक. पुढचे सहा महिने तुमच्या किंवा एखाद्या अनुभवी माणसाच्या जोडीने संपूर्ण युनिटची रोकड आणि सप्लायर. मग पूर्ण कारभार, पण वर्षभर तुमच्या नजरेखाली. मधली पायरी गाळू नका. या पायरीवर माणूस वरिष्ठ कसा वाटाघाट करतो ते शेजारी बसून बघतो. व्ही. कृष्णमूर्ती भेल या सरकारी वीजयंत्र कंपनीतून पुढे मारुतीत आले तेव्हा आर. सी. भार्गवही भेलमधूनच तिथे आले आणि १९८५ मध्ये कृष्णमूर्ती सेल या सरकारी पोलाद कंपनीत गेल्यावर मारुतीची सूत्रं भार्गवांकडे आली. सावलीत काढलेली अशी वर्षं कुठल्याच अभ्यासक्रमात मिळत नाहीत.

मोबदल्यात एक सापळा आहे. बोनस निव्वळ नफ्याला बांधू नका. तयार माल साठवून नफा वाढवता येतो: चाळीस लाखांचा माल जास्त बनवून गोदामात ठेवला आणि त्यात दहा लाखांचा कारखान्याचा स्थिर खर्च जिरला, तर पुस्तकात दहा लाख नफा जास्त दिसतो आणि बँकेतून तीस लाख बाहेर गेलेले असतात. बोनस कामकाजातून आलेल्या रोकडीला बांधा, निम्मा बारा महिन्यांनी आणि निम्मा चोवीस महिन्यांनी द्या, म्हणजे देखभाल आणि प्रशिक्षण कापून एका वर्षापुरता उजेड पाडण्यात त्याला फायदा राहत नाही. आणि उमेदवार या युनिटवर जाण्याआधीच त्याला लेखी द्या की युनिट योग्य कारणाने बंद झालं तर त्याच पदावर आणि त्याच पगारावर त्याला मुख्य युनिटमध्ये परत घेतलं जाईल. हे पत्र नसेल तर तुमच्या तीन उमेदवारांतला सगळ्यात हुशार जो असेल, तो ही जबाबदारी गोड बोलून टाळेल.